हरकती मागवण्याची वेळ

काही वर्षांपूर्वी एका प्रादेशिक आराखड्याच्या मसुद्यावर मी हरकत नोंदवली होती. माझी मागणी साधी होती: नव्याने वसणाऱ्या एका भागाला दर दहा मिनिटांनी बस मिळावी. सुनावणीत माझे म्हणणे सौजन्याने ऐकून घेतले गेले आणि उत्तर मिळाले की त्या भागातील लोकवस्तीची घनता इतक्या फेऱ्यांना पुरेशी नाही. उत्तर चुकीचे नव्हते. मात्र ती घनता ठरवणारा भूवापराचा, म्हणजे कोणत्या जमिनीवर काय आणि किती बांधू द्यायचे याचा, निर्णय दुसऱ्याच कार्यालयाने आधी घेऊन ठेवला होता, त्यावरील हरकतींची मुदत केव्हाच उलटून गेली होती आणि त्या वेळच्या नकाशात बसचा उल्लेखही नव्हता. लोकसहभागाची आपली चर्चा किती सुनावण्या झाल्या आणि किती हरकती आल्या या मोजणीत अडकते. लोकांना नेमके काय विचारले आणि कोणत्या टप्प्यावर विचारले, याकडे फारसे कोणी पाहत नाही, असे मला तेव्हापासून वाटत आले आहे.

हे थोडे हिशेबाने मांडते. माणूस स्थानकापर्यंत साधारण दहा मिनिटे, म्हणजे सुमारे ८०० मीटर, चालायला तयार असतो असे नियोजनात सर्रास धरले जाते. स्थानकाभोवती एवढ्या त्रिज्येचे वर्तुळ काढले तर त्यात सुमारे २०० हेक्टर जमीन येते. तिथे हेक्टरी ४० माणसे राहत असतील तर स्थानकाच्या आवाक्यात ८,००० माणसे येतात आणि हेक्टरी १५० राहत असतील तर ३०,००० येतात. प्रत्यक्षात मध्ये ओढा असतो, संरक्षक भिंत असते, ओलांडता न येणारा मोठा रस्ता असतो, त्यामुळे वर्तुळ कागदावर दिसते त्याहून बरेच लहान भरते. गाडी दर पाच मिनिटांनी येणार की तासाला एकदा, हे वेळापत्रक करणारा अधिकारी ठरवतो असे आपण समजतो, पण त्याच्या हातात उरलेला वाव फार थोडा असतो. भूखंडाचा आकार, इमारतीची परवानगी असलेली उंची, कामाची ठिकाणे स्थानकालगत येऊ द्यायची की महामार्गाच्या कडेला, या गोष्टी दहा-पंधरा वर्षे आधी ठरल्या, तेव्हाच त्या वेळापत्रकाचा बराचसा भाग लिहून झालेला असतो.

कोपनहेगनने हे फार लवकर ओळखले. १९४७च्या तेथील आराखड्याला ‘बोटांचा आराखडा’ म्हणतात, कारण त्यात जुने शहर तळहातासारखे आणि बाहेरची वाढ पाच बोटांसारखी कल्पिलेली आहे. प्रत्येक बोटातून उपनगरी रेल्वे जाते आणि दोन बोटांमधील जागा शेतीसाठी व हिरवाईसाठी मोकळी राहते. लहान मुलालाही समजावे असे हे चित्र आहे, आणि माझ्या मते त्याच्या टिकाऊपणाचे अर्धे रहस्य तिथेच आहे. सामान्य माणसाला आराखडा डोळ्यांसमोर आणता आला तर तो मोडला जात असतानाही त्याच्या लक्षात येते. पुढे तेथील नियोजनाच्या नियमांत ‘स्थानकसान्निध्या’चे तत्त्व आले आणि १,५०० चौरस मीटरपेक्षा मोठी कार्यालये सर्वसाधारणपणे स्थानकापासून ६०० मीटरच्या आत असावीत असे ठरले. या एका नियमात भूवापर आणि वाहतूक इतके एकजीव झाले आहेत की त्यातला वाहतुकीचा भाग कोणता आणि जमिनीचा कोणता हे सांगता येत नाही.

लोकांना केव्हा विचारावे, याचे कायद्याच्या भाषेतले सर्वांत नेमके उत्तर मला डेन्मार्कमधील ऑर्‌हूस येथे १९९८ मध्ये स्वाक्षऱ्या झालेल्या आंतरराष्ट्रीय करारात सापडते. पर्यावरणाशी निगडित निर्णयांबाबतच्या या करारात असे बंधन आहे की लोकसहभाग लवकर झाला पाहिजे, म्हणजे सर्व पर्याय खुले असताना आणि त्या सहभागाचा परिणाम होऊ शकत असताना. या वाक्याचा कस लावला तर बहुतेक सुनावण्या पहिल्याच कसोटीत उतरत नाहीत. मसुदा छापून झालेला असतो, सल्लागाराचे शुल्क देऊन झालेले असते, निधीचा प्रस्ताव पुढे गेलेला असतो, आणि मग तीस किंवा साठ दिवस लोकांना बोलावले जाते. त्या काळात रेषा इकडची तिकडे सरकू शकते, पण ती रेषा मुळात हवी का, आणि तिच्या दोन्ही बाजूंना काय वसणार, हे प्रश्न तोवर बंद झालेले असतात.

असे केल्यावर काय होते, हे जर्मनीतील श्टुटगार्टने पाहिले. तेथील मुख्य रेल्वे स्थानक जमिनीखाली नेण्याचा प्रकल्प १९९४ मध्ये जाहीर झाला. स्थानक खाली गेले की वरची रुळांखालची सुमारे १०० हेक्टर जमीन शहराच्या मध्यभागी मोकळी होणार होती, म्हणजे हा प्रकल्प जितका रेल्वेचा तितकाच जमिनीचाही होता, आणि ती जमीन शहराने २००१ मध्येच विकत घेऊन ठेवली. कायद्याने ठरवून दिलेल्या हरकतींच्या प्रक्रिया झाल्या होत्या, कागदोपत्री काहीच राहून गेले नव्हते. तरीही २०१० मध्ये काम सुरू झाले तेव्हा हजारो लोक रस्त्यावर उतरले, आणि ३० सप्टेंबर २०१० रोजी उद्यानातील झाडे तोडण्याच्या वेळी पोलिसांनी पाण्याचे फवारे वापरले, त्यात कितीतरी लोक जखमी झाले. त्यानंतर ज्येष्ठ राजकारणी हाइनर गाइसलर यांच्या मध्यस्थीने दोन्ही बाजूंचे तज्ज्ञ एका टेबलाशी बसले, आणि लोकांनी ती चर्चा दूरचित्रवाणीवर थेट पाहिली. फलाटांची क्षमता, भूगर्भातील पाणी, खर्च, वेळापत्रक, सगळे उघड्यावर मांडले गेले. ही चर्चा पंधरा वर्षे आधी व्हायला हवी होती. नोव्हेंबर २०११ मधील सार्वमतात प्रकल्पातून राज्याने बाहेर पडावे या प्रस्तावाच्या विरोधात जवळपास ५९ टक्के मते पडली, म्हणजे प्रकल्प टिकला. मला या निकालातून दिसते ते असे की लोक बदलाच्या विरोधातच असतात ही नियोजनकारांची भीती अनाठायी आहे. बहुसंख्य लोक प्रकल्पाच्या बाजूने होते. तरीही उशिरा विचारल्यामुळे त्या शहरात जी कटुता आली ती टळली नाही.

स्वित्झर्लंडमधील झ्युरिकचा अनुभव याच्या उलट आहे. तेथे मतदारांनी १९६२ मध्ये ट्राम जमिनीखाली नेण्याची योजना नाकारली आणि १९७३ मध्ये भुयारी रेल्वेची योजनाही नाकारली. दोन मोठ्या योजना बुडाल्या म्हणून कोणी हळहळले असेल, पण त्या नकारांतून पुढचे रस्ते निघाले. १९७७ मध्ये शहराच्या मतदारांनी रस्त्यावरच्याच ट्राम आणि बस वेगवान करण्यासाठी निधी मंजूर केला, १९८१ मध्ये संपूर्ण प्रांताच्या मतदारांनी उपनगरी रेल्वेच्या जाळ्याला होकार दिला, आणि ते जाळे १९९० मध्ये सुरू झाले. ‘नाही’ म्हणण्याचा खरा अधिकार असलेल्या लोकांसमोर योजना मांडायची म्हटली की ती अधिक काटकसरीने आणि अधिक विचाराने तयार होते, असे मला यावरून वाटते. जमिनीचा प्रश्न मात्र तिथेही मागून आला. बांधकामासाठी गरजेपेक्षा जास्त राखून ठेवलेली क्षेत्रे कमी करणारी कायदादुरुस्ती स्वित्झर्लंडच्या मतदारांनी मार्च २०१३ मध्ये सुमारे ६३ टक्के मतांनी मंजूर केली, तोवर कितीतरी कुरणे घरांखाली गेली होती.

दोन्ही गोष्टी एकत्र विचारण्याचा सर्वांत प्रामाणिक प्रयत्न मला अमेरिकेतील ओरेगॉन राज्यात दिसतो. तेथील १९७३च्या भूवापर कायद्याखाली जी राज्यव्यापी उद्दिष्टे ठरली त्यांतले पहिले उद्दिष्टच नागरिकांचा सहभाग हे आहे. शेतजमीन, घरे, वाहतूक हे सगळे त्यानंतर येते. पोर्टलंड परिसरासाठी ‘मेट्रो’ नावाची प्रादेशिक संस्था आहे आणि तिचे सदस्य १९७९पासून थेट मतदानाने निवडले जातात. हा मुद्दा मला फार महत्त्वाचा वाटतो, कारण प्रदेशाचा आराखडा करणाऱ्या बहुतेक यंत्रणा कोणाच्याच मतांवर उभ्या नसतात, आणि गावाचा प्रतिनिधी गावापुरता बोलून मोकळा होतो. १९९५ मध्ये स्वीकारलेल्या दीर्घकालीन वाढीच्या आराखड्यापूर्वी या संस्थेने घराघरांत प्रश्नावली पाठवून विचारले होते की भूखंड लहान केले तर चालतील का, पार्किंगची जागा कमी केली तर चालेल का, वाढ वाहतुकीच्या मार्गांलगत आणावी का. ‘तुम्हाला चांगली वाहतूक हवी का’ या प्रश्नाला कोणीही होच म्हणेल. तिची किंमत आपल्या गल्लीत कशी मोजावी लागेल हे सांगून विचारलेला प्रश्न माणसाला समंजस समजणारा असतो.

त्याच परिसरात पश्चिमेला एक बाह्यवळण महामार्ग येऊ घातला होता. थाउजंड फ्रेंड्स ऑफ ओरेगॉन या नागरी संस्थेने नुसता विरोध न करता वेगळा अभ्यास करवून घेतला आणि घरे व कामाची ठिकाणे रेल्वेच्या जवळ वसवली तर काय होईल याचे गणित मांडले. तो महामार्ग पुढे झाला नाही. हरकत घेणाऱ्याकडे अधिकाऱ्यांइतकीच आकडेवारी आणि ती वापरण्याचे साधन असेल तर हरकत पर्यायाचे रूप घेऊ शकते, आणि म्हणून आराखड्यामागची गृहीतके व प्रवाशांचे अंदाज मसुद्यासोबतच खुले झाले पाहिजेत, मागाहून अर्ज केल्यावर नव्हे.

अमेरिकेतीलच ह्यूस्टन शहराचे उदाहरण लहान आहे, पण बोलके आहे. बसचे जाळे नव्याने आखताना तेथे मूळ प्रश्न पुढे ठेवला गेला: आहे त्याच पैशात जास्त लोक वापरतील अशा मार्गांवर फेऱ्या वाढवायच्या, की थोडे प्रवासी असले तरी प्रत्येक कोपऱ्यापर्यंत बस न्यायची? संचालक मंडळाने सुमारे ८० टक्के साधने पहिल्या हेतूला आणि २० टक्के दुसऱ्याला देण्याचे ठरवले, आणि ऑगस्ट २०१५ मध्ये नवे जाळे सुरू झाले. एखाद्याला ही वाटणी पटणार नाही, पण वाटणी आहे हे तरी सर्वांना दिसले. त्या शहराला प्रचलित अर्थाने झोनिंगचा, म्हणजे कोणत्या भागात कोणता वापर चालेल हे ठरवणारा, कायदाच नाही, त्यामुळे जमिनीची बाजू तेथे उघडीच राहिली, हेही नोंदवले पाहिजे.

लोकांना आधी विचारण्याच्या या आग्रहावर आक्षेप म्हणून नेहमी कुरितिबाचा दाखला दिला जातो, आणि तो टाळणे मला योग्य वाटत नाही. ब्राझीलमधील या शहराने १९७४पासून बससाठी स्वतंत्र मार्गिका केल्या आणि उंच इमारतींना परवानगी त्याच मार्गांलगत दिली. वाहतूक आणि भूवापर यांची इतकी घट्ट सांगड क्वचितच कोणी घातली असेल. पण महापौर जाइमे लेर्नेर यांना १९७१ मध्ये त्या पदावर बसवले ते लष्करी राजवटीने, मतदारांनी नव्हे. मग लोकांना न विचारताच चांगले नियोजन होते का? कधी कधी होते. मात्र ज्या शहरांत लोकांना न विचारता वस्त्यांवरून उड्डाणमार्ग गेले त्यांची यादी त्याहून कितीतरी लांब आहे, आणि त्या वस्त्यांना कुरितिबाचे उदाहरण देऊन काही परत मिळत नाही.

यापेक्षा अवघड आक्षेप दुसरा आहे. सुनावणीला येतो तो आधीपासून तिथे राहणारा, वेळ असणारा, बहुधा मालकीचे घर असणारा माणूस, आणि स्थानकाशेजारी नवी घरे नकोत असे तोच सर्वांत मोठ्या आवाजात सांगतो. पाळीत काम करणारी कामगार स्त्री, भाडेकरू, शाळकरी मूल, आणि ते घर बांधले गेले तरच तिथे येऊ शकणारे कुटुंब, यांपैकी कोणीही त्या सभागृहात नसते. म्हणून आलेल्या हरकतींची संख्या मोजून निर्णय करणे मला मान्य नाही. कर्मचाऱ्यांनी धावत्या बसमध्ये, थांब्यांवर, कारखान्याच्या फाटकापाशी जाऊन विचारावे, चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या नागरिकांना पुरेशी माहिती आणि बुडालेल्या रोजाची भरपाई देऊन काही दिवस एकत्र बसवावे, आणि शेजारच्या गावांची मते त्याच कागदावर आणावीत. हरकत घेणाऱ्याला नकाराधिकार मिळावा असे माझे म्हणणे नाही. त्याला कारणासह लेखी उत्तर मिळावे आणि ते आराखड्याच्या अंतिम प्रतीत त्याच्या हरकतीशेजारी छापले जावे, एवढे मात्र मी मागते.

माझी पुढची हरकत मी लिहायला घेतली आहे. या वेळी तिच्यात बसच्या फेऱ्यांची मागणी शेवटी आहे. त्याआधी नियोजित स्थानकाभोवतीच्या २०० हेक्टर जमिनीवर काय बांधू देणार, पायी जाण्याची वाट कुठून ठेवणार, आणि हे ठरवण्यासाठी भूवापर व वाहतूक या दोन्ही विभागांचे अधिकारी एकाच सुनावणीला हजर राहणार का, हे तीन प्रश्न आहेत.