थिंद यांची वर्दी, त्यांचा खटला आणि जातीचा मुद्दा : एका प्रतिक्रियेला उत्तर

पहिल्या महायुद्धात अमेरिकेच्या सैन्यात असलेले आणि नागरिकत्वासाठी तिथल्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढलेले पंजाबी शीख भगतसिंग थिंद यांच्यावरच्या माझ्या लेखावर तुम्ही सविस्तर आणि कडक लिहिलंत. तुमचे आक्षेप थोडक्यात असे: पाच महिनेही पुरी न झालेली आणि एकही गोळी न झाडलेली नोकरी मी उगाच मोठी केली, त्यांची खरी लढाई अमेरिकेच्या कोर्टात झाली, त्या कोर्टात त्यांच्या बाजूने जातीचा जो दावा झाला, तो गेलेल्या माणसाच्या आठवणीत उकरून काढायला नको होता, आणि सैन्यातली मूळ फाईल न पाहता तारखा छापू नयेत.

आधी नोकरीबद्दल. थिंद २२ जुलै १९१८ रोजी भरती झाले. वॉशिंग्टन राज्यातल्या कॅम्प लुईसमध्ये ८ नोव्हेंबरला त्यांना हंगामी सार्जंट केलं, तीन दिवसांत युद्ध थांबलं आणि १६ डिसेंबरला ते सन्मानाने सेवामुक्त झाले. वर्तणुकीचा शेरा ‘उत्कृष्ट’. एवढीच नोकरी, हे खरं. पण माजी सैनिक कोण हे झाडलेल्या गोळ्यांवरून ठरत नाही, ते डिस्चार्जच्या कागदावरून ठरतं. त्या युद्धात अमेरिकेच्या सैन्यात चाळीस लाखांवर माणसं होती, त्यातली साधारण वीस लाख फ्रान्सला पोहोचली. उरलेल्यांना कुणी कमअस्सल सैनिक म्हणत नाही, मग थिंद यांनाच का म्हणायचं?

आणि कोर्टातली लढाई वर्दीपासून वेगळी काढता येत नाही. त्या काळी परदेशी माणसाला नागरिक व्हायचं तर आधी इरादापत्र (नागरिक व्हायचा इरादा कोर्टात लेखी जाहीर करणं) द्यावं लागे, नंतर किमान दोन वर्षं थांबून अर्ज, सलग पाच वर्षांचं वास्तव्य, दोन साक्षीदार आणि न्यायाधीशासमोर सुनावणी. ९ मे १९१८ च्या कायद्याने सैन्यात असलेल्यांना इरादापत्र आणि पाच वर्षांची अट माफ केली. म्हणून ९ डिसेंबर १९१८ रोजी थिंद यांना अंगावर वर्दी असतानाच नागरिकत्व मिळालं. चार दिवसांत ते रद्दही झालं.

हे होऊ कसं शकतं, असं तुम्ही विचारलंत. नागरिकत्व देई कोर्ट, पण अर्ज तपासून हरकत घेई सरकारचा नागरिकत्व विभाग. कायद्याच्या कलम २१६९ नुसार दरवाजे दोनच होते: ‘मुक्त गोरी व्यक्ती’ किंवा आफ्रिकी वंशाची व्यक्ती. सैनिकांच्या कायद्यात ‘कोणीही परदेशी’ असे शब्द होते, तरी विभागाचं म्हणणं असं, की माफी कागदांची आणि मुदतीची आहे, वंशाची नाही. १९२५ मध्ये हिदेमित्सु टोयोटा या जपानी माणसाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हाच अर्थ कायम केला. टोयोटांची तटरक्षक दलातली नोकरी जवळपास दहा वर्षांची होती. म्हणजे नोकरी लांब असती तरी थिंद यांचं काही वेगळं झालं नसतं.

आता जातीचा मुद्दा. इथे मी माघार घेणार नाही. ओरेगनमध्ये थिंद यांनी पुन्हा अर्ज केला, विभागाने ब्रिटिश राजवटीविरुद्धच्या गदर चळवळीशी असलेल्या त्यांच्या संबंधांवर बोट ठेवलं, तरी न्यायाधीश वुल्वरटन यांनी १९२० मध्ये नागरिकत्व दिलं. सरकार त्याविरुद्ध अपिलात गेलं. सर्वोच्च न्यायालयाकडे दोन प्रश्न पाठवले गेले आणि पहिलाच असा होता: अमृतसरला जन्मलेला, पूर्ण भारतीय रक्ताचा, उच्च जातीचा हिंदू हा ‘गोरी व्यक्ती’ ठरतो का? (थिंद शीख होते, अमेरिकेत तेव्हा सगळेच भारतीय ‘हिंदू’.) जात प्रश्नातच असताना ती वगळून हा खटला सांगायचा कसा?

त्यांच्या वकिलांनी हा मुद्दा हवेतून आणला नव्हता. मुंबईचे पारशी भिकाजी बलसारा १९१० मध्ये आणि अक्षयकुमार मजुमदार १९१३ मध्ये ‘गोरे’ ठरून नागरिक झाले होते. त्यात थिंद यांच्या निकालाआधी तीनच महिने ओझावा या जपानी माणसाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ‘गोरा म्हणजे कॉकेशियन’ असं म्हटलं होतं, आणि तेव्हाच्या वंशशास्त्रात उत्तर भारतीयही कॉकेशियन वंशात मोडत. पण थिंद यांच्या बाजूचं निवेदन त्यापुढे गेलं. लग्नसंबंधांच्या बाबतीत उच्चवर्णीय हिंदू आदिवासींकडे जसं पाहतो, तसंच अमेरिकन माणूस काळ्यांकडे पाहतो, असं त्यात लिहिलं होतं. मला हे वाक्य लाजिरवाणं वाटतं. ज्यांनी दरवाजा बंद केला त्यांच्याच तिरस्काराची साक्ष काढून आत जाऊ पाहणं आहे ते. कायद्याने दोनच दरवाजे ठेवले होते हे समजून घेता येतं, तरी ते वाक्य त्यामुळे धुतलं जात नाही.

शिवाय त्याचा उपयोगही झाला नाही. १९ फेब्रुवारी १९२३ च्या निकालात न्यायमूर्ती सदरलंड यांनी जातीचे नियम रक्ताची सरमिसळ रोखायला पुरते यशस्वी झालेले दिसत नाहीत, असं म्हणून तो युक्तिवाद उलटवला आणि सामान्य माणूस ज्याला गोरा समजतो तोच गोरा, असं ठरवलं. पहिल्याच प्रश्नाचं उत्तर नकारार्थी आल्यावर दुसऱ्याची गरज उरली नाही. त्यानंतर इतर भारतीयांचीही नागरिकत्वं रद्द होऊ लागली. सॅन फ्रान्सिस्कोचे वैष्णो दास बगाई यांनी १९२८ मध्ये आत्महत्या केली, ती याच जाचातून.

तुम्ही क्षुल्लक म्हटलेली नोकरी कामी आली ती पुढे. २४ जून १९३५ च्या नाय-ली कायद्याने वंशामुळे अपात्र ठरलेल्या माजी सैनिकांना नागरिकत्व खुलं केलं. त्यासाठी जपानमध्ये जन्मलेले सार्जंट मेजर टोकुतारो स्लोकम यांनी वॉशिंग्टनमध्ये खूप खेटे घातले. अट होती ६ एप्रिल १९१७ ते ११ नोव्हेंबर १९१८ या काळातली सेवा आणि सन्मानाचा डिस्चार्ज. आघाडीवर गेलात का, हे कुणी विचारलं नाही. थिंद १९३६ मध्ये न्यूयॉर्कला तिसऱ्यांदा नागरिक झाले आणि हे नागरिकत्व १५ सप्टेंबर १९६७ ला मृत्यू येईपर्यंत टिकलं. सैन्यात नसलेल्या भारतीयांना हीच वाट २ जुलै १९४६ च्या लूस-सेलर कायद्याने मिळाली. मधली दहा वर्षं थिंद यांना त्या पाच महिन्यांनी दिली. म्हणून माझ्या लेखाचं नाव वर्दीवरून आहे आणि तेच राहील.

राहिली फाईल. अमेरिकन सैनिकांच्या फायली जिथे ठेवल्या जातात, त्या सेंट लुईसच्या अभिलेखागारात १२ जुलै १९७३ ला आग लागली. १ नोव्हेंबर १९१२ ते १ जानेवारी १९६० दरम्यान सैन्यातून सुटलेल्यांच्या साधारण ८० टक्के फायली त्यात गेल्या. त्यामुळे १९१८ च्या माणसासाठी फक्त तिथेच अर्ज करून थांबलात तर बहुतेक वेळा हात हलवत परतावं लागतं. अशा वेळी डिस्चार्जचा मूळ कागद गाठायचा. त्याच्या मागच्या बाजूला भरती, हुद्दा, वर्तणूक हे सगळं असतं. बरेच जण तो काउंटीच्या (म्हणजे अमेरिकेतल्या जिल्ह्याच्या) कचेरीत नोंदवून ठेवत, म्हणून तिथली नोंदवही आधी बघायची. दुसरा मार्ग नागरिकत्वाच्या फायलीचा. २७ सप्टेंबर १९०६ पासून अर्जाची एक प्रत कोर्टात राही आणि दुसरी विभागाकडे जाई, त्यामुळे एक हरवली तरी दुसरी सापडू शकते. विभागाची जागा आता घेतलेल्या USCIS या सरकारी संस्थेकडे मागणी करताना आधी सूचीतला शोध, त्यातून फाईल क्रमांक आणि मग प्रत, असा क्रम ठेवा. पंजाबी नावांचा शोध दोनदा घ्यायचा, एकदा ‘सिंग’ आडनाव धरून आणि एकदा ‘थिंद’सारखं शेवटचं नाव धरून. कारकुनाने कुठलं आडनाव मानलं, यावर कागद कुठे लागला ते अवलंबून असतं.