पेम्फिगसच्या रुग्णाची शुश्रूषा

पेम्फिगस व्हल्गॅरिस या त्वचेवर आणि तोंडात फोड आणणाऱ्या आजारावरील एका लेखात स्टेरॉइड आणि रिटुक्सिमॅब या प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या औषधांची माहिती नेमकी दिली आहे. शुश्रूषा मात्र ‘जखमा स्वच्छ ठेवाव्यात’ एवढ्या एका वाक्यात उरकली आहे, म्हणून त्वचारोग विभागात परिचारिका म्हणून काम केलेल्या माझ्यासारखीला थोडी भर घालावीशी वाटते. या आजारात त्वचेच्या पेशींना एकमेकींशी जोडून ठेवणाऱ्या डेस्मोग्लिन या प्रथिनांवरच शरीरातील प्रतिपिंडे हल्ला करतात, त्यामुळे वरून धडधाकट दिसणारी कातडीही नुसत्या घासण्याने सुटून येऊ शकते. साधी चिकटपट्टीसुद्धा येथे वर्ज्य: सलाइनची सुई मऊ गॉज गुंडाळून सांभाळावी लागते, रक्तदाब मोजताना पट्ट्याखाली कापसाचा थर द्यावा लागतो आणि कूस बदलताना रुग्णाला ओढायचे नसते, चादरीसकट उचलायचे असते. मोठ्या फोडातले पाणी निर्जंतुक सुईने खालच्या कडेने काढावे, पण वरची साल सोलू नये. जखमेचे ते नैसर्गिक आवरणच असते. पॅराफिन गॉज (जखमेला न चिकटणारी मेणचट जाळीपट्टी) परवडत नाही तेथे निर्जंतुक केलेले केळीचे पान वापरतात, आणि ते जखमेला खरोखरच चिकटत नाही. तोंडातल्या व्रणांमुळे घास गिळवत नाही. अशा वेळी जेवणाआधी बधिर करणारी जेल लावून गार, मऊ, बिनतिखट, प्रथिनयुक्त आहार द्यावा. हा आजार संसर्गजन्य नाही, हे नातेवाइकांना पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगावे, कारण रुग्णाचे ताट-भांडे वेगळे करणारी घरे आजही आहेत. स्टेरॉइड सुरू असताना रक्तातील साखर नियमित तपासावी आणि जंतुसंसर्गाची लक्षणे त्याखाली दबतात हे ध्यानात घेऊन, ताप नसला तरी जखमेचा वास आणि स्राव रोज पाहावा.