विरघळणं वेगळं, पटलात शिरणं वेगळं

"साखर जोडली की पॉर्फिरिन पाण्यात विरघळतं आणि सहज पेशीत शिरतं" हे पॉर्फिरिनवरच्या लेखातलं वाक्य खटकलं. (पॉर्फिरिन म्हणजे चार कोपऱ्यांचा, कड्यासारखा जांभळा रेणू.) पहिला भाग ठीक आहे, दुसऱ्याचं काय? पेशीचं पटल म्हणजे चरबीचा दुहेरी थर. ज्याला पाणीच गोड लागतं ते तिथं कशाला घुसेल? चारही कोपऱ्यांना साखर लावलेला रेणू बऱ्याचदा बाहेरच रेंगाळतो. तीन कोपऱ्यांना साखर लावून चौथा कोरडा ठेवला, तर ती कोरडी बाजू थरात रुतते आणि साखर पाण्याकडे तोंड करून राहते. या लंगड्या रेणूसाठीच सगळी मरमर! पायरोल आणि दोन अल्डिहाइडं (पॉर्फिरिनचा कच्चा माल) प्रोपिऑनिक आम्लात उकळली की आधी डांबर हाती येतं, मग मिश्रण वेगळं करायच्या कॉलमवर (भुकटी भरलेल्या काचेच्या नळीत) एकामागून एक जांभळे पट्टे, सगळे एका चेहऱ्याचे. (कपड्यांना लागलेल्या त्या आम्लाच्या वासामुळे बसमध्ये शेजारी कुणी बसत नसे.)

आणि तापमानाबद्दल एक अक्षर नाही? नांदेडला मी डीपीपीसी या चरबीचे लायपोसोम, म्हणजे पटलासारख्या दुहेरी थराचे सूक्ष्म फुगे, करायचो. हा थर ४१ अंशांच्या आसपास घट्टाचा पातळ होतो. आमच्या पत्र्याच्या खोलीत मे महिन्यात तेवढं तापमान दुपारी फुकटात मिळायचं. प्रकाश टाकला तरी गठ्ठा करून बसलेलं पॉर्फिरिन फारसं चमकत नाही, थरात सुटं झालं की लाल चमकतं. सकाळ-दुपारच्या चमकेच्या रीडिंगमध्ये एवढी तफावत आली, की नमुना बिघडला समजून मी ओतून दिला. नमुन्याला उजेड लागू नये यासाठीची फॉइल नीट गुंडाळली नाही म्हणून सरांची बोलणी खाल्ली ती वेगळीच. थर्मामीटरकडे दोघांनीही बघितलं नव्हतं.