नवव्या दिवसाचा आकडा

शाळेच्या प्रदर्शनाचे आणि बक्षीस समारंभाचे फोटो एव्हाना सगळ्यांनी पाहिले असतील. चषक घेतलेली मुलं, गळ्यात पदकं, मागे रंगीत फलक. त्या सगळ्यांचं मनापासून कौतुक. धावण्यात पहिला आलेला सातवीतला मुलगा वर्षभर सगळ्यांच्या आधी मैदानावर यायचा, हे मी रोज पाहिलंय. त्याच्या चषकाबद्दल माझी काहीच तक्रार नाही.

मला बोलायचंय ते प्रदर्शनात न लागलेल्या एका कागदाबद्दल. आठवडाभर तो डोक्यातून जात नाहीये.

पाचवीच्या वर्गात आम्ही घेवड्याच्या बिया रुजवल्या. चार-चार मुलांचे गट, प्रत्येक गटाला दोन पेले. एक पेला खिडकीत, दुसरा बंद कपाटात. माती तीच, पाणीही मोजून तेवढंच. रोज पट्टी लावून उंची मोजायची आणि तक्त्यात लिहायची, एवढंच काम. सुरुवातीला विचारलं, कुठलं रोप जास्त उंच होईल? दोघं सोडून सगळ्या वर्गाचे हात खिडकीच्या बाजूने वर गेले.

नवव्या दिवशी कपाट उघडलं आणि वर्गात गडबड उडाली. कपाटातली रोपं खिडकीतल्या रोपांपेक्षा चांगलीच उंच झाली होती. एका गटाचं रोप खिडकीत १२ सेंटीमीटर, तर कपाटात २१. थोड्या वेळाने बाकांमधून फिरताना एका वहीवर खोडरबराचा चुरा दिसला. मुलाने दोन्ही आकड्यांची अदलाबदल केली होती. मी हळूच विचारलं, आकडे का बदललेस? तो म्हणाला, "बाई, माझंच मोजायला चुकलं असणार. झाडाला उजेड लागतो ना?"

तेवढ्यात पलीकडच्या गटातली एक मुलगी तक्ता घेऊन आली. वर्गात सहसा न बोलणारी. "बाई, मी तीनदा मोजलं. पट्टी बदलून पण पाहिलं. एकवीसच येतंय." आकड्यापुढे तिने पेन्सिलीने मोठं प्रश्नचिन्ह काढलं होतं. आकडा मात्र तसाच ठेवला होता.

मी वर्गाला विचारलं, असं का झालं असेल? आणि गप्प बसले. हे गप्प बसणं मला फार उशिरा जमलं. मेरी बड रो या अमेरिकन अभ्यासिकेने १९७०च्या दशकात वर्गांमधल्या संभाषणांच्या ध्वनिफिती ऐकून दाखवून दिलं होतं, की प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी जेमतेम एक सेकंद थांबतात. मग स्वतःच उत्तर देतात, नाहीतर दुसऱ्याला उठवतात. तेच तीन सेकंद थांबलं की मुलांची उत्तरं लांबतात आणि एरवी गप्प असणारी मुलंही बोलू लागतात. तीन सेकंद ऐकायला काहीच नाहीत, पण वर्गासमोर उभं राहिलं की संपता संपत नाहीत. त्या दिवशी शेवटच्या बाकावरून आवाज आला, "ते उजेड शोधत असेल."

अगदी तेच होतं. अंधारात रोप बियांमधला साठा जवळजवळ सगळा देठ लांबवण्यात घालवतं, कारण मातीतून वर येऊन उजेड गाठेपर्यंत तग धरायचा असतो. म्हणून देठ लांब, बारीक, फिकट आणि पानं पिवळट, मिटलेली. मग मुलांनी रोपं शेजारी ठेवून पुन्हा पाहिली. आता त्यांना नुसती उंची दिसत नव्हती, देठाची जाडी आणि पानाचा रंगही दिसत होता. त्या मुलीने तक्त्यात स्वतःच एक नवा रकाना आखला आणि लिहिलं, "उंच आहे पण तब्येत बरी नाही."

एवढ्या वर्षांत मुलांनी वहीत लिहिलेलं इतकं नेमकं निरीक्षण मी क्वचितच वाचलंय.

प्रदर्शनासाठी वस्तू निवडताना तो तक्ता मागे पडला. कागदावर पाण्याचे डाग होते, कोपरे दुमडलेले होते, अक्षर साधं होतं. निवड झाली ती धूर सोडणाऱ्या ज्वालामुखीची आणि दिवे लागणाऱ्या सूर्यमालेची. त्या सूर्यमालेतल्या थर्माकोलच्या गोळ्यांच्या कडा इतक्या सफाईने कापल्या होत्या, की दहा वर्षांच्या हातांचं ते काम नव्हे हे आम्हा सगळ्यांना दिसत होतं. मी निवड समितीत होते. मी बोलले नाही. म्हणूनच आज हे लिहितेय.

आकडे खोडणाऱ्या त्या मुलाला मी खोटारडा म्हणणार नाही, आणि कुणी म्हटलेलं मला चालणारही नाही. दाखवण्यासारखं तेच यश आणि बाकीचं लपवायचं, हे तो आमच्याकडूनच शिकलाय. १९९८ साली क्लॉडिया म्युलर आणि कॅरल ड्वेक यांनी प्रसिद्ध केलेला एक अभ्यास मला यासाठी सारखा आठवतो. त्यातली मुलंही पाचवीचीच होती. कोडी सोडवल्यावर काहींना म्हटलं, तू हुशार आहेस. काहींना म्हटलं, तू मेहनत घेतलीस. पुढे मुद्दाम अवघड कोडी दिली आणि सगळीच अडखळली. त्यानंतर दुसऱ्या शाळेतल्या मुलांसाठी आपला अनुभव आणि गुण कागदावर लिहायला सांगितले. ज्यांना हुशार म्हटलं होतं, त्यांच्यातल्या जवळपास ४० टक्के मुलांनी गुण वाढवून लिहिले. मेहनतीचं कौतुक झालेल्यांत हे प्रमाण खूपच कमी होतं. कागदावर नावसुद्धा घालायचं नव्हतं, तरी त्यांना खरा आकडा लिहवला नाही.

मेहनतीचं कौतुक केलं की सगळं सुटतं, असंही नाही. त्या विचारावर आधारलेले उपक्रम पुढे मोठ्या संख्येने मुलांवर करून पाहिले गेले आणि सरासरी परिणाम लहानच निघाला. पण खोडरबराचा चुरा पाहिल्यापासून तो गुण वाढवण्याचा भाग माझा पिच्छा सोडत नाही.

बक्षिसांचंही तसंच. मार्क लेपर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७३ साली स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बालवाडीत पाहिलं, की ज्या मुलांना चित्र काढायला मुळातच आवडत होतं त्यांना आधीच "चित्र काढलंस तर प्रमाणपत्र मिळेल" असं सांगितलं, तर काही दिवसांनी मोकळ्या वेळात ती मुलं त्या रंगीत पेनांकडे इतर मुलांच्या निम्माच वेळ फिरकली. ज्यांना प्रमाणपत्र अचानक दिलं गेलं, त्यांची गोडी मात्र कमी झाली नाही. मी यातून एवढंच घेतलंय, की जे मूल आपणहून एखाद्या गोष्टीत रमलंय त्याच्यापुढे आधीच बक्षीस नाचवू नये. नंतर आनंदाने पाठ थोपटावी, हवी तितकी थोपटावी.

आणि गुणांबद्दल. रूथ बटलर यांनी इस्रायलमधल्या पाचवी-सहावीच्या मुलांबरोबर केलेला, १९८८ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास वाचल्यापासून मी वह्या तपासायची पद्धतच बदलली. काही मुलांना नुसते गुण मिळाले, काहींना नुसता शेरा, काहींना दोन्ही. पुढच्या कामात सुधारणा दिसली ती नुसता शेरा मिळालेल्यांत. ज्यांना दोन्ही मिळालं त्यांना शेऱ्याचा फारसा उपयोग झाला नाही. वहीत ७ का ८ हे दिसलं की मूल खालची ओळ वाचतच नाही, हे माझ्या शिक्षक मित्रमैत्रिणींना वेगळं सांगायला नको. आता मी निबंधावर आधी फक्त शेरा लिहिते, "दुसऱ्या परिच्छेदात आजोबा अचानक कुठून आले?" असा अगदी नेमका. मूल तो भाग पुन्हा लिहून आणतं. आकडा त्यानंतर. सुरुवातीला पालकांचे फोन आले, गुण का दिले नाहीत म्हणून. मी त्यांना दोन्ही मसुदे शेजारी ठेवून दाखवले. बहुतेकांना पटलं. काहींना अजून पटलेलं नाही, आणि त्यांची काळजी मला समजते. आकडा हातात असला की मुलाचं कसं चाललंय ते कळल्यासारखं वाटतं.

पालकांनो, तुमच्याकडे एक मागणं आहे. प्रदर्शनासाठी मुलाने केलेली वस्तू वाकडी असेल तर वाकडीच पाठवा. गोंद सांडलेला असू दे. तुम्ही रात्री जागून मदत करता ती मायेपोटी, हे मला ठाऊक आहे. पण सकाळी ती सुबक वस्तू घेऊन वर्गात शिरणाऱ्या मुलाचा चेहरा मी पाहते. "हे कसं केलंस?" असं शेजारच्याने विचारलं की ते मूल खाली बघतं. मला ते बघवत नाही.

मुख्याध्यापकांशी बोलले. चषकांच्या कपाटाशेजारची भिंत मोकळी आहे, ती मागितली. तिथे मुलांचं पहिलं काम आणि सुधारलेलं काम जोडीने लावायचं, खाडाखोड तशीच ठेवून. गणितात अडलेली पायरी, तिसऱ्यांदा लिहिलेली कविता, फसलेला प्रयोग आणि तो का फसला याबद्दल मुलांनी लिहिलेल्या दोन ओळी. त्यांनी एका सत्रापुरती परवानगी दिलीय. कुठला कागद लावायचा ते मूलच ठरवणार, आणि ज्याला काही लावायचं नसेल त्याने लावू नये.

त्या मुलीला मी तक्ता मागितला. तिने एक दिवस विचार केला आणि आणून दिला, पण आधी प्रश्नचिन्ह खोडू का म्हणून विचारलं. मी म्हटलं, तुला काय वाटतं? तिने ते तसंच ठेवलं. आकडे बदलणाऱ्या मुलानेही दुसऱ्या दिवशी येऊन स्वतःचे मूळ आकडे पुन्हा लिहिले होते. खोडलेल्या जागी कागद जरा फाटलाय. त्याचाही तक्ता भिंतीवर येतोय, त्याच्याच इच्छेने.

सोमवारी पुन्हा बिया भिजत घालतोय. या वेळी पेले तीन. तिसरा कुठे ठेवायचा यावर वर्गात अजून भांडण चालू आहे. एक गट म्हणतो, आठवडाभर कपाटात आणि मग खिडकीत, म्हणजे त्याची तब्येत सुधारते का ते कळेल. दुसऱ्या गटाला भोक पाडलेलं खोकं हवंय.

मी अजून काहीच सांगितलेलं नाही.