बारमाही पाण्यानं नदीकाठचं जंगल जगत नाही

जलविद्युत प्रकल्पांची बाजू मांडणारा एक मजकूर बरेच दिवस फिरतो आहे. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: जंगलाचं नुकसान होतं ते फक्त बुडीत क्षेत्रात. धरणाखालच्या झाडांना उलट बारमाही पाणी मिळतं आणि पुरापासून संरक्षणही. जलाशयाच्या काठावर नवी हिरवाई येते. मोठा जलाशय नसलेल्या प्रकल्पात तर काहीच हानी नाही. आणि जे बुडालं त्याच्या बदल्यात झाडं लावली जातातच. वाचताना पटतं, आणि पटतं म्हणूनच ते पुढे पाठवलं जातं. पण यातला एकही मुद्दा नदीकाठी टिकत नाही.

आधी बारमाही पाण्याचा मुद्दा घेतो, कारण सगळ्यात जास्त विश्वास त्यावर बसतो.

ब्राझीलमध्ये अ‍ॅमेझॉनच्या खोऱ्यात उआतुमा नदीवर बाल्बिना धरण आहे. १९८७ मध्ये तिथं पाणी अडवायला सुरुवात झाली. जेमतेम २५० मेगावॉट क्षमतेसाठी दोन हजार चौरस किलोमीटरहून जास्त प्रदेश पाण्याखाली गेला, हे अनेकांना माहीत आहे. धरणाच्या खाली काय झालं, हे फारसं कुणी सांगत नाही. या नदीच्या काठी ‘इगापो’ नावाचं पूरवन आहे. तिथली झाडं दरवर्षी कित्येक महिने पाण्यात उभी असतात. मग त्यांना जास्त पाण्याचं काय भय, असं कुणालाही वाटेल. पण पाण्याखाली मुळांना ऑक्सिजन मिळत नाही आणि झाडाची वाढ जवळपास थांबते. पाणी ओसरलं की मुळं श्वास घेतात, खोड जाड होतं, वर्षाचं एक वलय पुरं होतं. या झाडांचं सगळं जगणं त्या कोरड्या महिन्यांवर चालतं.

टर्बाइन फिरत राहावं म्हणून धरणातून कोरड्या दिवसांतही पाणी सोडलं जातं. त्यामुळे उआतुमाच्या सखल काठावरच्या मुळांवरून पाणी वर्षानुवर्षं हटलंच नाही. एश्वायलेरा टेनुइफोलिया ही तिथली जात शेकडो वर्षं जगणारी. ती झाडं उभ्या उभ्या वाळली. मानाउसच्या राष्ट्रीय अ‍ॅमेझॉन संशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी मेलेल्या खोडांची वलयं मोजून आणि कार्बन कालमापन करून या मृत्यूंचा धरणाशी संबंध दाखवला. धरणाखालच्या सव्वाशे किलोमीटरच्या पट्ट्यात या पूरवनाचा सुमारे १२ टक्के भाग मेलेला आढळला. तिथं कुऱ्हाड चालली नव्हती आणि तो भाग बुडीत क्षेत्रातही नव्हता. म्हणजे ‘नुकसान फक्त बुडीत क्षेत्रात’ हा मुद्दाही इथंच निकालात निघतो. नुकसानीचा हिशेब भिंतीपाशी थांबवला, की ही झाडं कुणाच्याच खात्यात येत नाहीत.

आता पुराचं. पूर माणसाच्या घरात शिरतो तेव्हा तो संकट असतो, यात वाद नाही. पण काठावरच्या कित्येक झाडांची पुढची पिढी पुराशिवाय जन्माला येत नाही. उत्तर अमेरिकेच्या पश्चिम भागातल्या नद्यांच्या काठी कॉटनवुड ही पॉप्लर गटातली झाडं आहेत. बर्फ वितळून आलेला पूर ओसरू लागतो, त्याच सुमाराला त्यांचं कापसासारखं तंतुमय बी वाऱ्यावर सुटतं. हे बी फार तर काही आठवडे जिवंत राहतं. त्याला हवी असते पुरानं नुकतीच धुऊन काढलेली, गवताचा मागमूस नसलेली ओली वाळू. रुजल्यावर रोपाचं मूळ खाली उतरणाऱ्या पाण्याचा पाठलाग करत खोल जातं. स्टुअर्ट रूड आणि जॉन महोनी या संशोधकांनी १९९८ मध्ये याचं गणित मांडलं: पाणी दिवसाला साधारण अडीच सेंटिमीटरपेक्षा वेगानं उतरलं, तर बहुतेक रोपांची मुळं मागे पडतात आणि रोपं वाळतात.

धरण हे सगळं मोडतं. पूर अडवला तर वाळू उघडी पडत नाही. पूर सोडून दरवाजे एका दिवसात बंद केले तर रोपं सुकतात. विजेच्या मागणीप्रमाणे दिवसातून दोनदा पाणी चढवलं-उतरवलं, तर रुजलेलं रोप उपटून जातं किंवा कुजतं. आणि सगळ्यात फसवी गोष्ट ही, की जुनी झाडं पुढची कित्येक दशकं हिरवीगार दिसत राहतात. फोटोत जंगल शाबूत असतं, फक्त त्याच्या सावलीत एकही पोर नसतं. प्रकल्पानंतर पाच वर्षांनी केलेल्या पाहणीत ‘परिणाम आढळला नाही’ असं लिहिलेलं दिसलं, तर ती पाहणी रोपांची होती की उंच झाडांची, हे आधी विचारावं.

काही ठिकाणी धरणानंतर काठ जास्त हिरवा झाला, हे मात्र खरं आहे. अमेरिकेतल्या कोलोरॅडो नदीवर १९६३ मध्ये ग्लेन कॅन्यन धरण सुरू झालं आणि खालच्या दरीत, जिथं पूर्वी पूर सगळं खरवडून नेत असे, तिथं झाडोरा दाटला. पण त्यात मोठा वाटा बाहेरून आलेल्या टॅमॅरिस्क या झुडपाचा होता. गाळ धरणात अडकल्यामुळे वाळूचे काठ झिजत गेले, आणि जुन्या पूररेषेवरच्या झाडांपर्यंत पाणी पोचेनासं झालं. नुसतं हिरवेपण मोजलं तर हा फायदा दिसतो. कोणती वनस्पती आली आणि कोणती गेली हे पाहिलं, की दिसत नाही.

जलाशयाच्या काठावरच्या ‘नव्या हिरवाई’बद्दल चीनच्या थ्री गॉर्जेसकडे पाहावं. तिथली पाणीपातळी हिवाळ्यात १७५ मीटरवर आणि उन्हाळ्याच्या पूरकाळात १४५ मीटरवर ठेवतात. नदीचा मूळ क्रम याच्या बरोबर उलटा होता. मधल्या ३० मीटर उंचीच्या पट्ट्यात झाडं टिकत नाहीत. हरळी आणि वर्षभरात संपणारं तण, एवढंच प्रामुख्यानं उरतं. मायरिकेरिया लॅक्सिफ्लोरा हे तिथल्या काठावरचं झुडूप उन्हाळी पुरात बुडून हिवाळ्यात वाढायला सरावलेलं होतं. त्याची दरीतली मूळ ठिकाणं पाण्याखाली गेली आणि ते लागवडीत जपावं लागलं.

शिवाय बियांचा प्रवास थांबतो. नदी हा वनस्पतींचाही रस्ता आहे, कितीतरी बिया तरंगत खाली जातात. स्वीडनच्या उमेओ विद्यापीठातल्या रोलंड यान्सन आणि क्रिस्टर निल्सन यांच्या कामातून दिसलं, की धरणांच्या माळेनं तुकडे पडलेल्या नदीत एका जलाशयाच्या काठची वनस्पतिसृष्टी शेजारच्या जलाशयापेक्षा वेगळी होत जाते, विशेषतः ज्यांच्या बिया फार काळ तरंगत नाहीत अशा जातींमध्ये.

‘मोठा जलाशय नाही, म्हणून हानी नाही’ याला टांझानियातलं किहांसी हे उत्तर पुरेसं आहे. तिथं १८० मेगावॉटचा प्रकल्प छोट्याशा जलाशयावर चालतो. पण धबधब्याचं बहुतेक पाणी बोगद्यातून वळवलं गेलं आणि तुषारांवर जगणारी सेलाजिनेला या नेच्यासारख्या वनस्पतीची कुरणं कोरडी पडू लागली. त्या कुरणांत राहणारा किहांसी भेक २००९ मध्ये निसर्गातून नामशेष घोषित झाला. धबधब्याच्या जागी कृत्रिम तुषारनळ्या लावाव्या लागल्या.

पर्यायी वनीकरणावर फार लिहायची गरज नाही. काठाची झाडं डोंगरउतारावर लावून काठाचं जंगल होत नाही. त्याला चढतं-उतरतं पाणी आणि ताजा गाळ लागतो, आणि तो खड्डे खणून मिळत नाही.

‘मग काय, अंधारात बसायचं?’ हा प्रश्न मजकुराच्या शेवटी येतोच. कोळशाला पर्याय हवा, हे मलाही मान्य आहे. पण धरण आणि काठ यांच्यात निवड एवढी टोकाची नाही. अमेरिकेत एल्वा नदीवरची दोन जुनी जलविद्युत धरणं २०११ ते २०१४ दरम्यान काढली गेली आणि अडकलेला गाळ पुन्हा मुखापर्यंत पोचला. पण प्रत्येक वेळी भिंत पाडायचीच गरज नसते. नेवाडातल्या ट्रकी नदीत १९८० च्या दशकात क्वीवी या दुर्मीळ माशाच्या विणीसाठी वरच्या धरणातून पाणी सोडलं, आणि काठावर कॉटनवुड आणि विलोची रोपं उगवून आली. कॅनडात ओल्डमन नदीवर १९९५ च्या मोठ्या पुरानंतर धरणाचा विसर्ग एकदम न तोडता हळूहळू उतरवला, तिथंही नवी पिढी रुजली. म्हणून कुठल्याही नव्या प्रकल्पाच्या परवान्यात विसर्गाचं वेळापत्रक झाडांच्या बी सुटण्याच्या हंगामाशी जोडून लिहिलेलं असावं. जुन्या प्रकल्पांचा परवाना नूतनीकरणाला येईल तेव्हा तेच मागावं.