सगळंच थेट जनतेला विचारायचं?

"आता प्रत्येकाच्या हातात मोबाइल आहे, आधार आहे, यूपीआय आहे. मग आमदार-खासदार हवेत कशाला? मोठा प्रश्न आला की थेट लोकांना विचारा, बहुमत म्हणेल तो कायदा." आमच्या ग्रुपवर कोणीतरी अधूनमधून ही कल्पना नव्याने मांडतं आणि तिला भरभरून अंगठे मिळतात. मी कॅलिफोर्नियात राहतो. इथे १९११ पासून हे चालू आहे, म्हणून लिहितो.

पुरेशा सह्या गोळा केल्या की इथे कोणालाही कायद्याचा मसुदा मतपत्रिकेवर आणता येतो. त्याला प्रॉपोझिशन म्हणतात, बोलताना नुसतं 'प्रॉप'. मंजूर झाला की तो बंधनकारक. मसुद्यातच मुभा ठेवलेली नसेल, तर विधिमंडळाला पुन्हा लोकांकडे गेल्याशिवाय त्यात फेरफार करता येत नाही.

सगळ्यात गाजलेला प्रॉप १३, जून १९७८ चा. तेव्हा घरांच्या किमती भडकल्या होत्या आणि त्यांच्यामागोमाग घरपट्टीही. पेन्शनवर जगणाऱ्यांना स्वतःच्याच घरात राहणं परवडेना. राग खरा होता आणि विधिमंडळ घोळ घालत बसलं होतं. हॉवर्ड जार्व्हिस नावाच्या गृहस्थांनी तो राग बरोबर हेरला. जवळजवळ ६५ टक्के लोक 'हो' म्हणाले. घरपट्टी मूल्याच्या १ टक्का, मूल्य मागे नेऊन १९७५ च्या पातळीवर, आणि घर विकलं जात नाही तोवर त्यात वर्षाला फार तर २ टक्के वाढ.

आज इथे एकाच गल्लीत, एकाच नकाशाची दोन घरं असतात आणि नव्याने आलेलं कुटुंब शेजारच्या आजोबांच्या कित्येक पट पट्टी भरतं. आजोबांचं सोडा, त्यांच्यासाठीच तर हे होतं. पण तीच सवलत दुकानांना, ऑफिसांच्या इमारतींनाही मिळाली. घरपट्टीचं उत्पन्न एका फटक्यात निम्म्याहून खाली आलं. मग शाळा, वाचनालयं, अग्निशमन कशावर चालवायचं? तो प्रश्न मतपत्रिकेवर नव्हताच. भार राज्याच्या तिजोरीवर गेला, पैशाबरोबर निर्णयही गावातून उठून राज्याच्या राजधानीला, सॅक्रामेंटोला गेले. शाळांची ओढाताण होतेय म्हटल्यावर १९८८ मध्ये प्रॉप ९८ आला: राज्याच्या मुख्य निधीतला साधारण ४० टक्के वाटा शाळांसाठी राखीव. म्हणजे जमेची बाजू एका मतदानाने बांधली, खर्चाची दुसऱ्या. दोन्ही वेळा लोकांचं म्हणणं समजण्यासारखंच होतं. फक्त दोन्ही प्रश्न एकत्र ठेवून कधी कोणी विचारले नाहीत. आणि विधिमंडळ नालायक आहे, हे आम्ही एकमेकांना आजही सांगतो. हातपाय बांधून विहिरीत सोडायचं आणि वर पोहता येत नाही म्हणून हसायचं!

लोक अडाणी असतात, असं मला अजिबात म्हणायचं नाही. पण २०१८, २०२० आणि २०२२, अशा तीन निवडणुकांत मला डायलिसिस सेंटरांचे नियम ठरवायला सांगितलं गेलं. त्यांनी किती कमवावं, तिथे डॉक्टर हजर हवा का, वगैरे. माझा डायलिसिसशी संबंध शून्य. एका बाजूला कामगार संघटना, दुसऱ्या बाजूला कंपन्या, मधे टीव्हीवर जाहिरातींचा भडिमार. तिन्ही प्रस्ताव पडले. पडले हे चांगलं की वाईट, हे मी आजही छातीठोकपणे सांगू शकत नाही.

प्रॉप २२ तर कहरच. ॲपवरच्या ड्रायव्हरांना नोकरदार मानायचं की नाही, हा २०२० मधला प्रश्न. उबर, लिफ्ट वगैरे कंपन्यांनी २० कोटी डॉलरहून जास्त ओतले आणि जिंकल्या. मसुद्यात आत कुठेतरी कलम होतं: विधिमंडळाला यात दुरुस्ती करायची तर सात-अष्टमांश बहुमत हवं. इतकं बहुमत कुठल्या विधिमंडळात जमतं? तरी नाव 'लोकांनी केलेला कायदा'!

आता कोणीतरी गोव्याची आठवण काढणारच. १६ जानेवारी १९६७ चा कौल मला मान्य आहे. महाराष्ट्रात विलीन व्हायचं की नाही, हे गोवेकरांनाच विचारायला हवं होतं. पण तिथेही स्वतंत्र घटकराज्याचा पर्याय कागदावर नव्हता. तो मिळायला १९८७ उजाडलं.

त्यातल्या त्यात पटतं ते आयर्लंडचं उदाहरण, तेही ठेच लागल्यानंतरचं. १९८३ मध्ये सार्वमताने त्यांनी गर्भाच्या जिवाचा हक्क आईच्या हक्काइतकाच, असं संविधानात घातलं. पुढे ३५ वर्षं डॉक्टरांच्या डोक्यावर ते वाक्य टांगलेलं. २०१२ मध्ये मूळच्या बेळगावच्या सविता हलप्पनवार आयर्लंडमधल्या गॉलवे शहरात दगावल्या. गर्भ वाचणार नव्हता, तरी गर्भपात नाकारला गेला आणि जंतुसंसर्ग झाला. २०१८ च्या सार्वमताआधी मात्र ९९ सामान्य नागरिकांच्या सभेने महिनोन्‌महिने तज्ज्ञांना ऐकून, प्रश्न विचारून शिफारशी केल्या होत्या. सरकारने (तेव्हाचे पंतप्रधान लिओ वराडकर, वडिलांचं गाव मालवण तालुक्यातलं वराड) पुढच्या कायद्याचा आराखडाही आधीच लोकांसमोर ठेवला. मतदान एवढ्याचवर, की ते कलम काढून कायदा करायचा अधिकार संसदेला द्यायचा का. ६६ टक्के 'हो' म्हणाले. किती आठवडे, कोणत्या अटी, हे डिसेंबरमध्ये संसदेने ठरवलं, आणि चुकलंच असेल तर ते बदलायला अख्ख्या देशाला पुन्हा रांगेत उभं करावं लागणार नाही.