पत्त्यांचा पत्ता लागेना

सुरुवात भिशीत झाली. आमची भिशी म्हणजे अकरा बायका, सहा मराठी, पाच गुजराती, आणि खाणं मात्र अकराच्या अकरा जणींचं गुजराती, त्यामुळे खाऊन झाल्यावर कुणाला उठवत नाही. त्या सुस्तीत ऑफिसातल्या एका मैत्रिणीने पर्समधून मखमली बटवा काढला, बटव्यातून पत्त्यांचा कॅट काढला आणि म्हणाली, चला, एकेक पान ओढा, युनिव्हर्स काय म्हणतंय बघू. आता बडोद्यात सातम-आठमला तीन पत्ती खेळलेल्या बायका, त्या पान ओढायला कशाला लाजतायत. माझ्या पानावर एक निळी बाई समुद्रातून वर येत होती, केस ओले, डोळे मिटलेले, आणि खाली लिहिलं होतं, तू महासागर आहेस.

खरं सांगते, सत्तेचाळीस वर्षांत मला कुणी महासागर म्हटलेलं नाही. नवरा एकदा वादळ म्हणाला होता पण ते गॅसच्या केवायसीवरून. मी चार दिवस त्या पानाच्या नशेत होते, भाजीवाल्याशी घासाघीससुद्धा केली नाही, महासागर काय दोन रुपयांसाठी भांडतो का. पाचव्या दिवशी ठरवलं की आपला स्वतःचा ओरॅकल डेक, म्हणजे असा सल्ला देणाऱ्या चित्रांच्या पत्त्यांचा कॅट, पाहिजे. विश्वास आहे का वगैरे विचारू नका, मांजर आडवं गेलं की स्कूटर थांबवणाऱ्या शहरात राहतो आपण.

मला वाटलं एक डेक मागवायचा त्यात काय, कुकरची रिंग मागवतो तसं. मागवला. आला. दांडिया बाजारातल्या आमच्या घरी, देवघरासमोर बसून, उदबत्ती लावून पहिलं पान काढलं तर एका मनोऱ्यावर वीज पडतीय, ज्वाळा निघतायत आणि दोन माणसं डोक्यावर खाली कोसळतायत. त्याच संध्याकाळी घरातली एमसीबी पडली. दुसरं पान काढलं तर घोड्यावर बसलेला सांगाडा. मी कॅट परत खोक्यात घातला आणि वर गुरुचरित्र ठेवलं.

भाचा फाइन आर्ट्सला आहे, रविवारी सेव उसळ खायला आला होता, त्याने खोकं बघितलं आणि पाव तोंडात असतानाच हसायला लागला. मामी, हा ओरॅकल नाही, टॅरो आहे. मग त्याने समजावलं ते असं, की टॅरो म्हणजे 78 पानं, 22 मोठी आणि 56 छोटी, कुणीही काढला तरी हा हिशोब बहुतेक तोच, घराणं असतं तसं. लेनॉरमाँ म्हणून एक प्रकार असतो त्यात 36 पानं, फ्रान्समधल्या एका भविष्य सांगणाऱ्या बाईंच्या नावावर खपतो पण बाई 1843 मध्ये वारल्या आणि त्यांचं नाव त्या पत्त्यांना नंतर चिकटवलं गेलं, मूळचा तो जर्मनीतल्या न्युरेंबर्गचा घरात खेळायचा खेळ. आणि ओरॅकलला नियमच नाही. काढणाऱ्याला 44 वाटली तर 44, कंटाळा आला तर 36, देवदूत काढ, मांजरी काढ, मशरूम काढ. म्हणजे सुगम संगीत, मी म्हटलं. तो म्हणाला, हो, आणि सुगम संगीतात जे होतं तेच होतं मामी, गाणारे फार आणि सूर थोडे.

त्यानेच सांगितलं की मी घाबरले ती चित्रं पामेला कोलमन स्मिथ नावाच्या बाईने काढलीयत, 1909 मध्ये लंडनला तो डेक निघाला, तेव्हाच्या बहुतेक डेकांत छोट्या पानांवर नुसते पाच पेले सात तलवारी मांडलेल्या असायच्या पण हिने त्या प्रत्येक पानावर प्रसंग काढला, माणसं काढली, कुणी रडतंय, कुणी चोरून तलवारी पळवतंय. अठ्ठ्याहत्तर चित्रं, आणि एका हितचिंतक मित्राला पत्रात लिहिते की काम मोठं आणि पैसे अगदी थोडे. आणि डेकला नाव कुणाचं पडलं? छापणाऱ्या रायडरचं आणि सूचना देणाऱ्या वेटसाहेबांचं. दिवाळीचा फराळ करतं कोण आणि ‘या आमच्याकडे फराळाला’ म्हणतं कोण, तसंच की हे. मला त्या बाईबद्दल इतकं वाटलं की मी कॅट परत पाठवायचा विचार सोडला. पण मनोऱ्याचं पान तेवढं काढून कपाटात साड्यांखाली ठेवलं.

तर आता शोध ओरॅकलचा. पंधरा दिवस मी रात्री साडेअकरापर्यंत मोबाइलवर दुसऱ्यांची खोकी उघडताना बघत होते, लांब नखांच्या बायका, मागे पावसाचा आवाज, आणि त्या एकेक पान असं ठेवायच्या जसं की पापड वाळत घालतायत. सगळे डेक गोड. म्हणजे किती गोड, तर 44 पानांत एकही पान असं नाही की जे तुम्हाला म्हणेल बाई गं, यात तुझी चूक आहे. तू प्रकाश आहेस, तू पुरेशी आहेस, तुझे पंख उघड. अहो पण माझा प्रश्न जावेला सोन्याच्या पाटल्या परत मागू का हा आहे, त्यात पंख कुठून आले. ज्याला नाही म्हणता येत नाही त्याला सल्ला विचारून काय फायदा, तो आमचा सोसायटीचा सेक्रेटरी झाला.

चित्रांचं तर बोलूच नका. देवी-देवतांचा म्हणून एक डेक दिसला, बाहेरून सुंदर, सोनेरी कडा, आत सरस्वतीच्या वीणेला ताराच नाहीत आणि डाव्या हाताला बोटं मोजली तर सहा. लक्ष्मीचा पदर मानेतून उगवून कोपरात संपत होता. मशीनने काढलेलं, भाचा म्हणाला. ज्या गावात सयाजीरावांनी रविवर्म्याला बोलावून चित्रं काढून घेतली आणि आम्ही शाळेच्या सहलीत डबा खायच्या आधी ती म्युझियममध्ये रांगेने बघितली, त्या गावच्या माणसाला तुम्ही सहा बोटांची सरस्वती विकताय. तरी मोहात पडून एक स्वस्तातला मागवलाच, 399 रुपये. मूळ डेक दोन हजारांच्या वर होता तेव्हाच समजायला पाहिजे होतं. पुस्तकच नाही, त्याऐवजी एका पानावर क्यूआर कोड, तो स्कॅन केला तर पान सापडत नाही असं पान उघडलं. कागद इतका पातळ की उजेडात धरला की मागून भविष्य दिसायचं. आणि कापायच्या मशीनवरचा माणूस बहुधा उत्तरायणच्या गडबडीत असावा कारण अर्ध्या देवदूतांचे पाय उडवलेले.

याच्या उलट एक डेक मैत्रिणीने बघायला दिला, खरा, कागद चांगला जाड, साडेतीनशे जीएसएम, पण पान केवढं, नऊ बाय तेरा सेंटीमीटर. माझे हात रमीच्या पत्त्यांना सवयलेले. पिसायला घेतला तर चव्वेचाळीस पानं सोफ्याखाली, आणि त्या सोनेरी कडांचं सोनं बोटांना लागलं ते मी हात न धुता कणीक मळली. नवरा म्हणाला पोळी आज चकाकतीय. ऋण काढून सण म्हणतात तो हाच.

शेवटी भाच्याने उपाय सांगितला. मामी, खालचा शब्द झाक आणि नुसतं चित्र कुणालातरी दाखव. चित्र बोलणारं असेल तर बघणारा बोलेल. तर घरात बोलणारं माणूस म्हणजे आमच्या आई, माझ्या सासूबाई, वय ब्याऐंशी, माहेर सावंतवाडीकडचं, मेंढीकोटात समोरच्याच्या हातातली पानं डोळ्यांवरून ओळखतात. भाच्याने टॅबवर आठ-दहा डेकांची चित्रं काढली, नावं क्रॉप केली आणि त्यांच्यासमोर धरली.

पहिलं, बाई हात पसरून उजेडात उभी. आई म्हणाल्या, शॅम्पूची जाहिरात. पुढचं.

घुबड. पुस्तकात लिहिलेलं शहाणपण. आई म्हणाल्या, घराच्या वळचणीला बसलं की वाईट, लक्ष्मीबरोबर आलं की चांगलं, म्हणजे पैसा येईल पण कुठल्या वाटेने येतोय ते बघ, जावयाच्या धंद्यात घालू नको. मी आणि भाचा एकमेकांकडे बघितलं, कारण जावयाच्या धंद्याचं आम्ही त्यांच्यापासून लपवून ठेवलं होतं.

कावळा. पुस्तकात गूढ, जादू, अज्ञाताचं आमंत्रण. आई म्हणाल्या, पाहुणे. आणि तोंड कुठे आहे त्याचं, डावीकडे ना, मग जेवूनच जातील.

मग एक नदी आली, सुंदर जलरंगातली, एक तरुण मुलगी डोळे मिटून पाण्यावर आडवी तरंगतीय. भाच्याने पुस्तकातलं वाचून दाखवलं, प्रवाहाशी भांडू नकोस, स्वतःला झोकून दे, नदी तुला सांभाळेल. आईंनी चष्मा पुसला. कुठली नदी ही? भाचा म्हणाला, कुठलीही समज आजी. आई म्हणाल्या, कुठलीही कशी समजू, विश्वामित्री असेल तर मगरी आहेत. 2024 च्या पुरात रस्त्यावर मगर फिरत होती ती विसरलास? झोकून देतायत. हिला उठवा आधी. यावर बोलायला काही उरलंच नाही, तो डेक बाद.

असे सहा डेक बाद झाले. काहींवर त्या काहीच बोलल्या नाहीत, आणि आई काहीच बोलत नाहीत म्हणजे चित्रात खरोखर काहीच नाही, हे मला आता पटलंय. एका डेकपाशी मात्र अडकल्या. त्यात देवदूत नव्हते, उजेडात उभ्या बायका नव्हत्या. एक रिकामी वाटी, एक सुई, विहिरीवरचा दोर, अर्धवट उघडं दार, शिडी जिची वरची पायरी मोडलीय. ब्रशचे फटकारे दिसत होते, एका पानावर तर रंगाचा ओघळ तसाच ठेवलेला. सुईच्या पानावर आई पंधरा मिनिटं बोलल्या, त्यात त्यांच्या आत्याचं लग्न, एक हरवलेली नथ आणि माझ्या ब्लाउजच्या शिवणी एवढं सगळं आलं. भाचा म्हणाला मामी, हाच.

मागवला. बाहेरच्या देशातून, किंमत सांगत नाही, नवऱ्याला नऊशे सांगितलीय आणि तो हे वाचेल म्हणून इथेही नऊशेच. एकोणीस दिवसांनी आला. पान हातात मावतं, कडा साध्या, पुस्तक दोनशे पानांचं आणि प्रत्येक पत्त्याला चांगली बाजू आणि वाकडी बाजू दोन्ही, एका पानाचा अर्थ तर सरळ ‘नको’. इतकं बरं वाटलं ते वाचून.

पण उघडताना चूक झाली, आईंसमोर उघडला. त्यांनी पहिलं पान उचललं ते कासव. पुस्तकात कासवाला सबुरी, दीर्घायुष्य, पृथ्वीतत्त्व. आई म्हणाल्या, कूर्म. आमच्याकडे गंजिफा होता, गोल पत्ते, दहा अवतारांचे बारा-बारा, एकशेवीस, त्यात असायचा हा, काका जिंकत आले की माझ्याकडे कूर्मच यायचा. मग पान जवळ धरून म्हणाल्या, देवळात आत जाताना गाभाऱ्यासमोर फरशीत कासव असतं ते कशाला माहितीय? हात-पाय आत घेऊन मग पुढे ये म्हणून.

आणि कॅट पिसला. ब्याऐंशी वर्षांच्या बोटांनी असा फर्रर्र पिसला की मी बघत राहिले. तो त्यांनी परत काही दिला नाही.

आता परिस्थिती अशी की दुपारी चार वाजता आमच्या ओट्यावर बायका बसलेल्या असतात. समोरच्या बेन मुलाच्या कॅनडाच्या व्हिसाचं विचारायला येतात, वरच्या मजल्यावरच्या भाभी सुनेचं, भिशीवाली मैत्रीण स्वतःचा मखमली बटवा घरी ठेवून येते. आई पुस्तक उघडत नाहीत, ते इंग्रजीत आहे, टीव्हीचा रिमोट ठेवायला वापरतात. दोराचं पान आलं की म्हणतात ढील दे थोडी, पतंगासारखी, आणि बेन माझ्याकडे बघून म्हणतात, केवुं साचुं बोले छे. दक्षिणा म्हणून कुणी लीलो चेवडो आणतं, कुणी घारी. मला माझ्याच डेकवर पान काढायचं तर नंबर लावावा लागतो, आणि परवा माझा नंबर पाचवा होता.

बसले समोर. आई म्हणाल्या, विचार. मी म्हटलं, आई, तुमच्याकडे हा आहे तर मी माझ्यासाठी दुसरा एक बघत होते, मिठागरं आणि दीपस्तंभ असा एक आलाय, कागद चांगला आहे, कडांना सोनं नाही, अठ्ठावीसशेला, म्हणजे आठशेला, कार्टमध्ये टाकून ठेवलाय, घेऊ का.

त्यांनी पिसला, माझ्याकडून काटून घेतला, वरचं पान उलटं केलं आणि माझ्यासमोर सरकवलं. कासव.

‘हात आत,’ आई म्हणाल्या, ‘मोबाइल पण. पुढे कोण आहे?’